कुंकू लागलेली फ्लॉपी

उसाला तुरा आला की तो दिसायला फार सुंदर दिसतो, आणि ज्याचा ऊस असतो त्याला तो बघवत नाही. हल्ली पुण्याकडची मंडळी हायवेच्या कडेला गाड्या थांबवून त्या रुपेरी तुऱ्यांपुढे फोटो काढून घेतात. उतरत्या उन्हात शेतभर चवऱ्या ढाळल्यासारखं दिसतं खरं. पण तुरा म्हणजे उसाने वाढणं सोडून दिल्याची खूण. त्यानंतर तो आतून पोकळ होत जातो, हलका होत जातो, आणि वर मात्र मिरवत राहतो. मिरवणुकांशी माझं जे कायमचं वाकडं आहे, त्याची सुरुवात बहुधा या तुऱ्यापासून झाली असावी.

यंदाचाही हंगाम सुरू झाला. साताऱ्यात आमच्या घरामागच्या रस्त्यावरून दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर जातात, आणि प्रत्येकाची गाणी पुढच्याच्या गाण्यांना ओलांडून जायला बघतात. रस्त्यावर कांडी पडतात, त्यांवरून चाकं जातात, आणि हवेत एक गोडसर, किंचित आंबूस वास राहतो. परवा हा वास खिडकीतून आत येत होता आणि माझी मुलगी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून कपाळाला हात लावून बसली होती.

"बाबा, मशीन बॅकअपवरून परत आणलंय. सगळं आहे त्यात. पण उठत नाहीये."

मी विचारलं, "कुठे आहे मशीन?"

"कुठेच नाही. व्हर्च्युअल आहे."

म्हणजे मशीनच्या आत कल्पलेलं मशीन. त्याला पेटी नाही, पंखा नाही, लाथ मारायला बाजू नाही. आमच्या काळी यंत्र बिघडलं तर निदान त्याच्याकडे रागाने बघता तरी येत असे. तेवढ्यात तिने पडदा माझ्याकडे वळवला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर वर सरकत होती. यंत्र जागं होत होतं, स्वतःचं नाव सांगत होतं, आपल्याला काय-काय येतं ते सांगत होतं, आणि जिथे स्वतःचं घर शोधायची वेळ आली तिथे थांबत होतं. घर सापडत नाही. एवढंच म्हणून ते उभं राहत होतं.

हे वाक्य मी पूर्वी एकदा बघितलं होतं, एका गाळप हंगामाच्या ऐन मध्यावर, सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. साताऱ्यात माझं संगणक दुरुस्तीचं छोटं दुकान होतं, आणि त्या कारखान्याचा संगणक मीच बसवला होता. ते काम मला मिळावं म्हणून खटपट केली ती विलासने. सांगलीला इंजिनिअरिंगला आम्ही एका खोलीत राहिलो होतो. माझ्या घरून येणारी भाकरी आणि त्याच्या घरून येणारं शेंगदाण्याचं कूट यांच्यावर आमचं शिक्षण झालं. तो कवठे महांकाळकडचा, कोरडवाहू रानातला. पुढे त्याचं लग्न कारखान्याच्या एका संचालकाच्या मुलीशी झालं आणि तो त्याच कारखान्यात संगणक विभागाचा प्रमुख झाला. विभागात तो एकटाच होता, त्यामुळे प्रमुखपदाबद्दल वाद नव्हता.

उद्‌घाटन मला अजून जसंच्या तसं दिसतं. संगणकाच्या खोलीला लाल गालिचा, दाराशी चपला काढायची पाटी, आणि त्या अख्ख्या आवारात एकमेव एसी. वजनकाट्यावर उन्हात उभ्या असलेल्या माणसांना जे मिळालं नाही ते थंड वारं एका पेटीला मिळत होतं. अध्यक्षांनी फीत कापली. नारळ कुठे फोडायचा यावर कुजबुज झाली, कारण पाणी उडालं तर पेटी बिघडेल असं मी म्हणालो होतो. शेवटी तो जनरल मॅनेजरांच्या बुटाजवळ फोडला. मग अध्यक्ष बोलले. आजवर कुणाचा ऊस आधी तोडायचा हे माणसं ठरवत होती, म्हणून तक्रारी होत होत्या. आता लागणीच्या तारखेप्रमाणे यंत्र ठरवील. यंत्राला मेहुणा नसतो. यावर मोठा हशा झाला. हसणाऱ्यांत अध्यक्षांचे मेहुणेही होते.

पुढच्या रांगेत माझे वडील बसले होते. आबा सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते, आणि त्या कारखान्याच्या हद्दीत आमचा ऊस होता. त्यांनी हसणं वगैरे काही केलं नाही. फौजेत जन्म गेलेल्या माणसाला रांगेबद्दल जो आदर असतो तो त्यांच्या चेहऱ्यावर होता. तोडणीच्या टोळीसाठी तोडीची चिठ्ठी आणणाऱ्या चिटबॉयच्या मागे फिरायचं, शेतकी अधिकाऱ्याला कोंबडं पोचवायचं, संचालकाच्या ओसरीवर सकाळी-सकाळी जाऊन बसायचं, हे सगळं त्यांना ओशाळवाणं वाटे. गावात परत येऊन त्यांनी पारावर जाहीर केलं, "आता कुणी कुणाच्या दारात जायाचं न्हाई. लायनीत हुबं ऱ्हायाचं. नंबर येतोय." आमच्या भावकीतल्या बऱ्याच जणांनी ते मानलं. आबांनी सांगितलं म्हणून मानलं, आणि आबांच्या पोराने यंत्र बसवलं म्हणूनही.

त्या यंत्राची एक खोड होती. डिस्क ज्या कार्डाला जोडायची ते कार्ड जरा जगावेगळं होतं. वीज लावल्यावर यंत्राने पहिलं पाऊल कुठे टाकायचं हे सांगणारा एक छोटा तुकडा लागतो. त्यात मुंबईच्या विक्रेत्याकडून आलेली या कार्डाची ओळख भरून मी एक फ्लॉपी तयार केली. उद्या डिस्क गेली, नवी आणली, टेपवरची सगळी माहिती तिच्यावर उतरवली, तरी ही फ्लॉपी लावल्याशिवाय यंत्र उठणार नाही, हे मी मॅनेजरांना समजावून सांगितलं. म्हटलं, दुसरी प्रत माझ्या दुकानात ठेवतो.

ते म्हणाले, "दुसरी कशाला? पहिलीवर विश्वास नाही का तुमचा?"

आणि कारखान्याची वस्तू आवाराबाहेर न्यायची नाही, असा नियम झाला. फ्लॉपीवर टंकलेखन केलेलं लेबल चिकटलं, वर कारखान्याचा शिक्का बसला, आणि ती लोखंडी कपाटात गेली. किल्ली विलासकडे. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याच्या ट्रंकेची किल्ली चार वर्षं माझ्याकडे होती.

खंडेनवमीला मी मुद्दाम सांगलीच्या एस.टी.त बसून गेलो. कारखान्यात त्या दिवशी सगळ्या यंत्रांची पूजा होते. चाकांना, पट्ट्यांना, पान्यांना हळदकुंकू लागतं. लोहाराचा हातोडा झेंडूची माळ घालून नवरदेवासारखा बसतो. संगणकाची पूजा कशी करायची हा प्रश्न मात्र शास्त्रात सुटलेला नव्हता. कीबोर्डवर अक्षता टाकू नका एवढं मी विनवलं. मग विलासने कपाटातून ती फ्लॉपी काढली, पाटावर ठेवली आणि मला म्हणाला, "ह्याचा जीव हितंच हाय न्हवं? मग हिचीच पूजा करू. लाव तू." मी ओल्या कुंकवाचं बोट लेबलच्या कोपऱ्यावर टेकवलं. ते जरा ओघळलं. आम्ही दोघं हसलो. त्या हसण्याचा आवाज मला अजून आठवतो. इतक्या वर्षांत त्यात काही खोट सापडते का ते मी पुष्कळदा तपासलं आहे. सापडत नाही.

मुलगी म्हणाली, "बाबा, ऐकताय ना? हे मशीन आधी दुसऱ्या ठिकाणी चालायचं. तिथली डिस्क वेगळ्या पद्धतीने जोडलेली होती. इथे वेगळी आहे. त्याला नवीन डिस्क ओळखताच येत नाही."

मी म्हटलं, "ओळख बाहेरून आणून घालावी लागेल."

तिने माझ्याकडे जरा आदराने बघितलं. मुलांच्या डोळ्यांत असा आदर क्वचित येतो, आणि आला की आपण त्याला पात्र नसतो.

हंगाम निम्मा झाला आणि डिस्क गेली. डिस्का जातात, त्यात कुणाचा दोष नव्हता. मी दुकानातल्या यंत्रावर टेपवरची सगळी माहिती नव्या डिस्कवर उतरवली आणि ती गुंडाळून मांडीवर घेऊन कारखान्यात गेलो. शेतकऱ्यांची नावं, गट, लागणीच्या तारखा, सगळं त्यात होतं. आबांचंही नाव होतं. डिस्क बसवली. विलासने कपाट उघडून फ्लॉपी दिली. तेच टंकलेखन, तोच शिक्का. मी ती लावली, यंत्र जागं झालं, स्वतःचं नाव सांगू लागलं, आणि घर शोधायच्या जागी थांबलं.

पुन्हा लावली. पुन्हा तिथेच.

पुढचे तीन आठवडे मी त्या थंडगार खोलीत अनवाणी काढले. केबली बदलल्या, कार्ड काढून खोडरबराने त्याची टोकं घासली, टेप पुन्हा उतरवली, आकडे बदलले, बदललेले परत बदलले. कार्डाची ओळख पुन्हा पाठवा म्हणून विक्रेत्याला फोन लावला. तो "बघतो" म्हणाला, आणि आपल्याकडे बघतो म्हणणारा माणूस कुठे बघत असतो हे कुणालाच माहीत नसतं. बाहेर गव्हाणीत ऊस पडण्याचा धडधड आवाज, मळीचा वास, चिमणीची काजळी. आत मी आणि विलास. तो शेजारी खुर्ची ओढून बसे. चहा मागवे. "आता केबल बघ की," म्हणे. मी बघितली म्हटलं की "परत बघ" म्हणे. एकदा माझ्या पाठीत चमक भरली तर त्याने स्वतः बाम आणून दिला.

यंत्र उठेना म्हटल्यावर तोडणी थांबवता येत नाही. गव्हाण उपाशी ठेवत नाहीत. मग तोडणीचा क्रम तोंडी सुरू झाला, पूर्वीसारखा. टोळ्या कुठे चालल्यात हे रस्त्यावरून दिसत होतं. संचालकांचे फड झाले, त्यांच्या व्याह्यांचे झाले, अध्यक्षांच्या मेहुण्यांचा, जुन्या बुडख्यांतून फुटलेला कोवळा खोडवाही झाला. आमच्या बाजूला ऊस उभा होता आणि त्याला तुरा फुटला होता.

मुक्कामाला मी घरी जाई. भावकीतले लोक ओसरीवर येऊन बसत. कुणी मला काही बोलत नसे, आबांना बोलत. आमचे चुलते तंबाखू मळत म्हणाले, "सुभेदार, तुमची लाईन लय लांब दिसतीया. आमी म्हागनं गेलो तर चाललं का आता दारात?"

आबा म्हणाले, "जावा की. मी कुणाला धरलंय?"

"आन तुमी?"

"मी न्हाई जानार. पोरगं लागलंय न्हवं कामाला."

कुणी गेलं नाही. सगळे आबांसाठी बसून राहिले. रानात आबा सकाळी एक चक्कर मारून येत आणि तुऱ्याबद्दल बोलत नसत. मला मात्र ताटावर बसल्यावर विचारत, "आज?" मी मान हलवायचो. ते पुढचा घास घ्यायचे. त्यांनी आयुष्यभर पाळलेली एक गोष्ट, की रांगेत उभ्या असलेल्या माणसाचं नुकसान होत नाही, ती गावादेखत खोटी ठरत होती, आणि खोटी ठरवणारं यंत्र मी बसवलेलं होतं.

एका दुपारी विलास काट्यावर गेला होता. त्याच्या आईने जेवायला निरोप धाडला. कारखान्याच्या कॉलनीत त्यांचं क्वार्टर होतं. काकूंना मी हॉस्टेलच्या दिवसांपासून ओळखत होतो. ते शेंगदाण्याचं कूट त्यांच्याच हातचं. सून माहेरी गेली होती. काकूंनी चुलीवरच्याइतकीच चांगली भाकरी गॅसवर केली होती आणि ती तशी होत नाही म्हणून कुरकुरत होत्या.

"लय वाळलास रं मोहन. त्ये यंतर खातंय का तुला?"

"यंत्र उठत नाही, काकू."

"उठंल. देवाला सांगितलंय मी."

असं म्हणून त्यांनी मान वळवली तशी मीही वळवली. ओट्याशेजारच्या फळीवर देव होते. अंबाबाई, म्हसवडच्या सिद्धनाथाचा फोटो, टाक, निरांजन. आणि फोटोला टेकून उभी केलेली एक काळी फ्लॉपी. तिच्या लेबलच्या कोपऱ्यावर वाळून तपकिरी झालेला, जरा ओघळलेला कुंकवाचा ठिपका.

मला विलास देत होता त्या फ्लॉपीवर कुंकू नव्हतं. इतके दिवस मी तिच्यातली अक्षरं तपासत होतो. लेबलकडे बघायचं सुचलं नव्हतं.

"ही इथे कशी, काकू?"

"ती व्हय? विलासनं आनलीया. मी इचारलं, ह्ये काय रं? तर म्हनला, आई, पुजल्याली वस्तू हाय, टाकवत न्हाई, देवापाशी ऱ्हाऊ दे." त्यांनी पदराला हात पुसून ती काढून माझ्यापुढे धरली. "तुझ्या कामाची हाय का? मग ने की. देवाला काय करायची?"

मी ती घेतली. भाकरी संपवली. संपवली नसती तर त्यांनी कारण विचारलं असतं.

खोलीत परत आलो तेव्हा विलास माझ्या खुर्चीशेजारी त्याच्या खुर्चीत बसलेला होता. माझ्या शर्टाच्या खिशातून लेबलची कड वर आली होती. त्याने ती बघितली.

"आईनं दिली?"

"हो. मला दिलेली कुठली?"

"डिस्टिलरीच्या हापिसातल्या मशीनवरनं केली. तिथलं कार्ड येगळं." मग म्हणाला, "सासऱ्यांचा एक फड ऱ्हायलाय गड्या. तेवढा झाला की मीच दिली असती तुला. सापडली म्हनून."

"आणि तोवर मी केबली बघत बसायचं?"

तो बोलला ते पडद्याकडे बघत. "तुमाला पाटाचं पानी हाय. तुजा बाप सुबेदार. तुमी लायनीत हुबं ऱ्हाऊ शकता. मला त्या घरात कोन विचारतंय? एवढं एक काम सांगितलं हुतं त्यांनी, लग्नापास्नं पयलंच." आणि मग, जणू ही गोष्ट आपल्या बाजूने मोजली जावी, अशा आवाजात म्हणाला, "मी मोडली न्हाई. मोडायला काय लागतंय? पर न्हाई मोडली."

हे खरं होतं. त्याला माझ्या डोळ्यांत बघून चहा पाजता आला, माझ्या पाठीला बाम देता आला. पण जिला कुंकू लागलं ती फ्लॉपी त्याला चुलीत घालता आली नाही. मी त्याच्या मैत्रीतला होतो, पाटावर मांडलेला नव्हतो, एवढाच फरक.

फ्लॉपी लावली. यंत्राने स्वतःचं नाव सांगितलं, घर शोधलं, आणि घर सापडलं. नावांच्या मागून नावं छापून निघू लागली. टोळ्या दुसऱ्या दिवशी आमच्या बाजूला वळल्या. आबांचा नंबर आला, भावकीचा आला. काट्यावर ऊस हलका भरला, तो भरणारच होता. कांडं मोडून बघितलं तर आत कापसासारखं पांढरं होतं. आबा काट्यावरून घरी आले, कोट काढून खुंटीला लावला आणि म्हणाले, "नंबर आला न्हवं? मग झालं."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "बिघाड काय हुता?"

"एक फ्लॉपी सापडत नव्हती."

"घावली कुटं?"

"देवापाशी."

"मग बराबर जाग्याला हुती," आबा म्हणाले, आणि हात धुवायला गेले. यापलीकडे मी त्यांना कधी सांगितलं नाही. कुणालाच नाही. सांगायचं तर साक्षीदार एकच होता, आणि त्या माउलीने मला भाकरी वाढता-वाढता आपल्या लेकाविरुद्धचा पुरावा हातात दिला होता. तिला ते कधी कळू नये असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं.

कारखान्याच्या वार्षिक सभेत विलासचा सत्कार झाला. बंद पडलेला संगणक अहोरात्र खपून सुरू केल्याबद्दल शाल आणि नारळ. अध्यक्ष म्हणाले, यंत्राला मेहुणा नसतो. टाळ्या झाल्या. मी आबांच्या शेजारी बसलो होतो. आबांनीही टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, पोराचा मित्र आहे. शाल पांघरून खाली उतरताना विलासने माझ्याकडे बघितलं आणि मी त्याच्या शालीकडे बघितलं. कारखान्याचं काम मी पुढे सोडलं. कारखान्याची वस्तू आवाराबाहेर न्यायची नाही, हा नियम मात्र शेवटच्या दिवशी मोडला. फ्लॉपीची एक स्वच्छ, बिनकुंकवाची प्रत करून कपाटात ठेवली, आणि मूळ खिशात घातली.

"झालं, बाबा," मुलगी म्हणाली. तिने बाहेरून दुसरं एक यंत्र लावून हे उघडलं होतं, त्याच्या सुरुवातीच्या तुकड्यात नव्या डिस्कची ओळख घातली होती, घराचा नवा पत्ता लिहिला होता. पडद्यावरची अक्षरं या वेळी थांबली नाहीत. तिने हात वर करून आळस दिला. बाहेरून एक ट्रॅक्टर गेला आणि कप किणकिणले.

मग तिने विचारलं, "ती दसऱ्याला पूजेत ठेवता ती फ्लॉपी कसली हो? तिच्यावर डाग आहे ती. ती आता कशातच चालत नाही ना?"

चालत नाही. घरात तसा ड्राइव्ह नाही, दुकानात नाही, सांगली-साताऱ्यात कुठे असेल असं वाटत नाही. ते कार्डही कुठे उरलं नसेल. विलास अधूनमधून मेसेज पाठवतो. परवाही आला होता: गड्या, एकदा ये, आई थकलीया, तुझी आठवण काढती. मी तो वाचला. त्यात सगळं जागच्या जागी होतं: त्याचा आवाज, हॉस्टेलची खोली, कुटाचा डबा, पाटावरचं हसणं. काकूंना भेटायला मी जाणार आहे. तो घरी नसेल अशी वेळ बघून.

"मग ठेवता कशाला?" मुलीने विचारलं.

"पुजलेली वस्तू आहे," मी म्हणालो. "टाकवत नाही."